धाकूची तीन द्राक्षं

जयगडच्या धाकूला कोणी नुसतं ‘बरा आहेस ना?’ विचारलं, तरी तो ग्रनाशपासून सुरुवात करायचा. ग्रनाश, सिरा आणि मुर्वेद्र ह्या दक्षिण फ्रान्सच्या द्राक्षांच्या जाती. फ्रेंच बोटीवर अठ्ठावीस वर्षं साहेबांच्या मेजावर वाढपी होता ना तो! ऐंशी साली कायमचा घरी आला तो लाल वाईनची एक बाटली घेऊन, आणि गावाच्या कानांना तेव्हापासून सुटका नाही.

"ग्रनाश गोड, पण एकटी बावळट," तो पारावर सांगायचा. "सिरा तिला रंग देते, मिरीचा ठसका देते. मुर्वेद्र पडली की सगळं टिकतं. तिन्ही मिसळल्या तरच वाईन. ठेवाल तेवढी चढते!"

गाव माना डोलवायचं. त्याची बायको मथुरा मात्र आत भांडी आपटायची. पहिल्यांदा बोटीवर जाताना तिनं त्याला स्वतःच्या गळ्याची शपथ घातली होती, की दारूच्या थेंबाला शिवायचं नाही. आणि धाकूनं ती पाळली होती. खरंच पाळली होती हो! बोटीचा चीफ इंजिनिअर रोज जेवताना पाहुण्यांना जे पढवायचा, ते ऐकून ऐकून हा पंडित झालेला. पण गावात सांगणार कसं? फ्रान्सच्या बोटीवर जन्म काढून कोरडाच परतला म्हणून शेंबडी पोरंसुद्धा हसली असती. आणि मथुरेला कितीदा सांगितलं तरी तिचं एकच: "न पिता एवढं कोणाला कळतं?" हे मात्र धाकूला फार लागायचं.

सत्त्याऐंशी साली राखणीची पाळी त्यांच्या घरावर आली. गावाची वेस सांभाळणाऱ्या राखणदाराला वर्षातून एकदा कोंबडा आणि बाटली द्यायची, तीच राखण. धाकू कोंबडा आणायला गेला आणि इकडे मथुरेनं चुलीवरच्या फळीवरची ती बाटली काढून गुरवाच्या हातात दिली. "घरात असताना विकत कशाला?"

देवाच्या नावानं गेलेली वस्तू परत मागता येते थोडीच! गुरवानं गाऱ्हाणं घातलं, दगडावर धार सोडली आणि रीतीप्रमाणे पहिली करवंटी पाळीवाल्यापुढे धरली. धाकूनं मथुरेकडे पाहिलं.

"प्रसाद हाय, घ्या," ती फणकाऱ्यानं म्हणाली. "सवय हायच."

धाकूनं घोट घेतला. आई गं! दात आंबले, डोळ्यांतून पाणी आलं. अशीच लागते की काय ही? सगळं गाव त्याच्या तोंडाकडे बघत होतं. नुसतं ‘वा’ म्हटलं की अब्रू शाबूत होती. पण मथुराही बघत होती.

"मला काय ठाऊक कशी लागते," धाकू म्हणाला. "जन्मात पहिल्यांदा चाखतोय."

कोणाला काही कळेना. मग राखणीला पाहुणा आलेला पावसचा लवू पुढे झाला. तो त्याच बोटीवर खलाशी होता आणि फ्रान्सच्या मार्सेय बंदरात पोटभर प्यायलेला. एक घोट त्यानं तोंड वाकडं करून गिळला. "अरे मेल्या, शिरका झालाय ह्याचा! सात वर्षं चुलीवर शेकवलीस?" मग गावाकडे वळून म्हणाला, "खरं बोलतोय तो. ओठाला नाय लावली कधी. आम्ही त्याला भटजी म्हणायचो." लोक हसून हसून लोळले.

मथुरा हसली नाही. घरी येताना ती अर्ध्या वाटेत थांबली.

"रजेवर यायचात ना, तेव्हा तुम्ही झोपलात की मी तुमच्या तोंडाचा वास घ्यायचे. दर रात्री. एकदाही आला नाय. तरी विश्वास ठेवला नाय मी. चुकलं माझं."

"अठ्ठावीस वर्षं? अगो, मग मला उठवायचंस तरी!" धाकू म्हणाला, आणि त्याला भर वाटेत रडू फुटलं.