हिमबिबट्याचा फासा

घरात तिला सगळे भिंगरी म्हणतात. लग्न होऊन आली त्याच आठवड्यात धाकट्या दिराने हे नाव ठेवलं आणि ते असं चिकटलं की आता खरं नाव फक्त वीजबिलावर उरलंय. एका जेवणात ती चारदा उठते. एकदा मिठासाठी, एकदा पंख्यासाठी आणि दोनदा उगाचच.

धंदा मात्र थांबून राहण्याचा. ती कवळ्या बनवते. घरामागच्या खोलीत दंतवैद्यांकडून आलेले जबड्यांचे ठसे ओळीने मांडलेले असतात आणि त्यांच्यामधून ती वाट काढत फिरते. गुलाबी पावडर उग्र वासाच्या द्रवात कालवायची, त्याचा गोळा साच्यात दाबून भरायचा, साचा कोमट पाण्यात ठेवायचा आणि पाणी हळूहळू तापवत न्यायचं. घाई केली की आत बुडबुडे धरतात आणि कवळी वाया जाते. म्हणून पाणी तापेपर्यंत ती खोली झाडते. मग झाडलेली खोली परत झाडते. सव्वीस वर्षांत तिची एकही कवळी बुडबुड्यामुळे परत आली नाही.

रविवारी दुपारी याच घरात जेवणाचं टेबल पुसून खेळ मांडला जातो. चार वर्षं झाली. भिंगरीने गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी त्या गोष्टीतली माणसं व्हायचं आणि अवघड प्रसंग आला की वीस बाजूंचा फासा टाकायचा. मोठा आकडा पडला तर निभावलं, लहान पडला तर फसलं. नवरा त्या जगात चोर आहे, दीर तलवारवाला. थोरली नणंद वाटाड्या आहे. तिचे दोन्ही गुडघे गेलेत, दुसऱ्या मजल्यावरचं स्वतःचं घर गाठायला तिला तीनदा थांबावं लागतं, पण खेळात ती बर्फाचे डोंगर चढते. आणि तिच्या मागे चाळीस पावलांवर एक हिमबिबट्याची मादी चालते.

ती मादी पाळलेली नव्हती. भिंगरीने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, या जगातले हिमबिबटे कोणाचे नसतात. शेकोटीजवळ येत नाहीत. त्यांच्या पावलांचे ठसे मात्र कितीही बर्फ पडला तरी सकाळपर्यंत बुजत नाहीत, म्हणून चुकलेली माणसं त्यावरून वाट काढतात. नणंदेने तिला नाव दिलं नाही. "नाव ठेवलं की हाक मारावीशी वाटते," ती म्हणाली होती, "आणि ही काही हाकेला येणारी नाही."

गेल्या रविवारी बर्फाचा पूल तुटला. माणसं पलीकडे पोचली, मादी अलीकडे राहिली. तिला उडी मारायची होती. नणंदेने आपला गुलाबी फासा टाकला.

"तीन," दीर म्हणाला. "संपलं."

"दरीत गेली," भिंगरी म्हणाली. "बरं, आता पाळी कोणाची?"

नणंदेने पिशवी उचलली. "मी निघते. गॅसवर दूध ठेवून आलेय." दूध ठेवून कोणी दोन तास खेळायला येत नाही, हे सगळ्यांना कळलं.

त्यानंतर पाच दिवस नणंद फोनवर नुसतं "बरं" म्हणत होती. तिच्या "बरं"ला हे घर टरकून असतं. येत्या रविवारी येणार का, याला उत्तर नाही. तिचा नवरा वारल्यापासून रविवारची दुपार हीच तिची माणसांत येण्याची वेळ. ती तुटली तर ती बाई त्या दोन खोल्यांत बसून राहील, आणि बसवलं आपण, हा विचार भिंगरीला एका जागी टिकू देईना.

"खेळातलं जनावर गं," भिंगरीचा नवरा म्हणाला. "त्यावरून कोणी एवढं रुसतं?"

"टीव्हीवरची मॅच आपण हरलो तेव्हा तुम्ही दोन घास टाकून उठला होतात."

"ते वेगळं."

"हो, तिथे तर तुम्ही फासाही टाकला नव्हता."

दिराला फोन केला तर तो म्हणाला, "वहिनी, तीन म्हणजे तीन. पडलेलं परत घ्यायचं नाही, हा नियम तुझाच."

शुक्रवारी दुपारी ती खालची कवळी घासत होती आणि हात मध्येच थांबला. तो गुलाबी फासा तिनेच केला होता. नणंदेच्या साठाव्या वाढदिवसाला, कवळीच्या उरलेल्या मालातून. आकडे बारीक कोरणीने कोरले, पांढरा रंग भरला. त्या दिवशी तीन कवळ्या पोचवायच्या होत्या, म्हणून फाशाचा साचा कोमट पाण्यात न ठेवता सरळ उकळत्या पाण्यात सोडला होता. फासाच तर आहे, तो काय चावायचाय?

नणंद गेली तेव्हा फासा टेबलावरच राहिला होता. तिने काचेच्या बरणीत पाणी घेतलं आणि मीठ विरघळेनासं होईपर्यंत ढवळलं. फासा वर तरंगला. बोटाने फिरवला. गरगरला, स्थिरावला. वर तीन. पुन्हा फिरवला. तीन. अकरा वेळा फिरवला, दहा वेळा तीन.

आतल्या बुडबुड्याने ती बाजू हलकी झाली होती. सव्वीस वर्षांतला पहिला बुडबुडा, आणि तो नेमका घरच्या माणसाच्या हातात दिलेला.

पाण्यासकट झाकण लावलेली बरणी, गुलाबी फासा आणि घरातला जुना, विकतचा फासा पिशवीत घालून ती निघाली. रिक्षात तिने पिशवी सहा वेळा या मांडीवरून त्या मांडीवर घेतली. दोन जिने एका दमात चढली आणि दार उघडताच बोलायला लागली.

"ताई, फासा खोटा आहे. माझ्या हातून खोटा झाला. हे बघा." बरणी ओट्यावर ठेवून तिने फासा फिरवून दाखवला. "तीन. परत तीन. हा चांगला फासा आणलाय. आत्ता टाका. मी भाऊजींना सांगते, नियम गेला खड्ड्यात. ती जिवंत आहे."

नणंद खुर्चीत बसली. भिंगरीने तेवढ्यात ओट्यावरचे दोन कप विसळले.

"ते कप ठेव."

भिंगरीने ठेवले.

"फासा हलका आहे ते मला गेल्या वर्षीच कळलंय. चार वेळा टाकला की एकदा तरी तीन पडतोच. तरी तोच टाकते, तू केलास म्हणून."

"मग?"

"मग काय! पडायची ती पडली. माझं जनावर गेलं आणि तू त्याच दमात विचारलंस, पाळी कोणाची."

भिंगरी तोंड उघडणार होती.

"थांब. हे गेले तेव्हाही तसंच. डॉक्टर बाहेर येऊन सांगून गेला, आणि तू विचारलंस, ताई, गाडी बोलावू का? चांगल्या मनाने विचारलंस, माहितीये मला. पण गं, मला दोन मिनिटं तिथं उभं तरी राहू द्यायचं."

खालच्या गल्लीत कोणीतरी स्कूटर सुरू करत होतं, ती होत नव्हती. भिंगरीला वाटलं, खिडकीतून बघावं, पाणी प्यावं, निदान बरणीतलं पाणी ओतून टाकावं.

"बस," नणंद म्हणाली. "नीट, टेकून बस. आणि आता सांग, कशी गेली."

भिंगरी बसली. पाठ खुर्चीला लावली. पाय टेबलाखाली हलत होता, तो दुसऱ्या पायाने दाबून धरला.

"वारा होता?" नणंदेने विचारलं.

"नव्हता," ती म्हणाली. मग थांबली. "नव्हता. बर्फ सरळ खाली पडत होता. ती कड्यावर आली आणि... तिने शेपटी पायांभोवती घेतली. बसली."

"उडी नाही मारली?"

"लगेच नाही. आधी तुमच्याकडे बघितलं."

"चाळीस पावलांवरून?"

"दरी सोळाच पावलांची होती. एवढ्या जवळ ती कधीच आली नव्हती."

नणंदेने चष्मा काढून टेबलावर ठेवला. "हळू सांग," ती म्हणाली.

स्कूटर शेवटी सुरू झाली आणि गेली. बरणीत फासा तरंगत होता. भिंगरीला रविवारचं विचारायचं होतं. शब्द अगदी जिभेवर आले होते. ते गिळून ती त्या मादीच्या पंज्यांखालचा बर्फ कसा करकरला, ते सांगू लागली.