बाबूची पिशवी

भाऊबीज होऊन दोन दिवस झाले होते. व्यापारी दुकानं उघडतात त्या लाभपाचमेपर्यंत सुरतेतलं कापडाचं मार्केट बंद, मिल तर त्यानंतरही आठवडाभर बंद, त्यामुळे आमच्या डिंडोलीच्या सोसायटीत सकाळी सातला डब्यांची आणि स्कूटरची जी पळापळ असते ती नव्हती. ह्यांची बँक मात्र सुरू झाली होती. एका शेगडीवर दूध, दुसरीवर डब्याची भेंडी, आणि मी दिवाळीच्या चार डब्यांतला उरलासुरला चिवडा एका डब्यात करत होते. तेवढ्यात दार वाजलं.

बेल असताना दार वाजवणारी आमच्या मजल्यावर एकच, समोरची नूतन. आमची दारं इतकी समोरासमोर की आमच्या बेलने तिचा बाबू उठतो. दीड वर्षाचं पोर सकाळचं झोपलेलं असलं की नूतन साऱ्या जिन्यात चवड्यांवर चालते.

"काकू, दहा मिनिटं आहेत का?"

हातात पेन आणि हेत्वीच्या चित्रांच्या वहीतला एक कागद. मागे हेत्वी, साडेचार वर्षांची, फ्रॉकच्या खिशात कालची चकली.

नूतन मूळची खानदेशातली, चोपड्याची. बी. ए. झालेली, लग्नाआधी दोन वर्षं तिथल्या शाळेत शिकवत होती. नवरा हेमराज शहराबाहेरच्या सचिन गावी, कापड रंगवणाऱ्या एका डाइंग युनिटमध्ये सुपरवायझर आहे. लिफ्ट बंद पडली की कुणाचंही सिलिंडर न सांगता खांद्यावर घेऊन चार मजले चढणारा माणूस. नूतन सासूशी अहिराणीत बोलते, माझ्याशी मराठीत, भाजीवाल्याशी गुजरातीत, आणि हेत्वी या सगळ्यांना गुजरातीतच उत्तर देते. जूनपासून या पोरीला समुद्राचं वेड लागलंय. शाळेत कुणी चित्र काढून दाखवलं असेल. घरातल्या कॅलेंडरच्या पाठीसुद्धा निळ्या झाल्या. मध्यंतरी तिला इथल्या जवळच्या डुमसला नेलं, तर ओहोटीच्या वेळी किनाऱ्यावर उभी राहून म्हणाली, "आ दरियो नथी, आ तो कादव छे." समुद्र नाही, हा तर चिखल. तेव्हा नूतनने तिला कबूल केलं होतं, दिवाळीनंतर खरा समुद्र.

"परवा दमणला जायचं ठरलंय, तीन दिवस," नूतन खुर्चीच्या कडेवर टेकत म्हणाली. "मुलांचं काय काय लागेल ते सांगा. तुम्ही दोन वाढवलीत."

मी भेंडी हलवत सांगत गेले. डायपर. तापाचं औषध, उलटीचं औषध. तांदूळ आणि मुगाची डाळ भाजून केलेली भरड, म्हणजे कुठेही गरम पाणी मिळालं की बाबूचं जेवण तयार. थर्मास. टोप्या. वाळू झटकायला जुने टॉवेल. कपडे प्रत्येकी चार जोड.

ती लिहीत होती, आणि लिहिलेलं खोडत होती.

"चार नको काकू, दोनच. धुवून वाळवीन."

"समुद्राच्या हवेत लवकर वाळत नाहीत गं."

"मग दीड," म्हणाली आणि स्वतःच हसली. थर्मासवरही काट मारली. टॉवेलवर मारली.

"अगं, दीड वर्षाचं लेकरू आहे. पिशवी थोडी मोठी झाली तर गाडीतच ठेवायचीय ना? तुला डोक्यावर न्यायचीय का?"

"पिशवी मोठी नको, काकू. बाकी सांगाल ते घेईन."

तेव्हा मी तिच्याकडे नीट पाहिलं. तिच्या मांडीवर हेत्वीची शाळेच्या डब्याची जांभळी पिशवी होती, हातभरसुद्धा नाही. ती यादी त्या पिशवीच्या मापाने करत होती. मी गॅस बंद केला आणि तिच्यासमोर बसले.

"काय झालंय?"

तिने आधी हेत्वीकडे पाहिलं. हेत्वी टेबलाखाली बसून चकलीचे वेढे सोडवत होती.

"मागच्या दिवाळीत गेलो होतो ना दमणला? आम्ही आणि भूपेंद्रभाऊ. गाडी त्यांचीच."

मला आठवत होतं. भूपेंद्र म्हणजे हेमराजच्या युनिटमधलाच मित्र, सात जणांची गाडी घेतल्यापासून दर सुट्टीला कुठे ना कुठे निघणारा. बाबू तेव्हा सहा महिन्यांचा होता. तिथे त्याचं पोट बिघडलं, त्यामुळे दोन दिवस नूतन हेत्वीलाही घेऊन खोलीतच होती. समुद्र तिने गॅलरीच्या कठड्यावरून पाहिला होता, पुरुषांच्या खुर्च्यांच्या मधून.

"जाताना बाबूची पिशवी मी एका हाताने उचलली होती. येताना डायपर संपलेले, भरड संपलेली. गाडीत बसले, पाय ठेवायला जागा करावी म्हणून ती सरकवायला गेले, तर हलेना. आत वाजलं काहीतरी. मी ह्यांच्याकडे बघितलं. हे पुढून म्हणाले, बाबूला मांडीवर घे आणि पाजायला घे, नाका येतोय."

गुजरातेत दारूबंदी, दमणला नाही, आणि मधल्या नाक्यावर पोलीस गाड्या थांबवतात, हे सुरतेत शेंबड्या पोरालाही माहीत असतं.

"पोलीस खिडकीतून वाकला. मला बघितलं, मान फिरवली. फेमिली छे, जवा दो, म्हणाला आणि गाडी सोडली. आणि मी काकू, बाबू पीत होता आणि पायाशी ती पिशवी. मला एवढंच वाटत होतं की हा रडला आणि मी हलले तर वाजेल."

"घरी आल्यावर बोलली नाहीस?"

"बोलले ना. म्हणाले, चार बाटल्या आहेत, कुणाचा खून केलाय का? सगळेच आणतात." तिने पेनाचं टोपण लावून पुन्हा काढलं. "खोटं नाही ते. सगळेच आणतात."

आमच्या भिंतीतल्या कपाटात, कागदी ताटल्यांच्या मागे, वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक आहे. मागच्या दिवाळीनंतर हेमराजने ह्यांना दिली होती, साहेबांसाठी म्हणून. मी त्याला वर चहा पाजला होता. नूतनने कपाटाकडे पाहिलं नाही. तिला माहीत असणार.

"या वेळी गुजरातेतल्याच तिथलला जाऊ या म्हण. तोही समुद्रच."

"म्हटलं. तर म्हणे, भूपेंद्र तिथलला गाडी कशाला काढेल? श्रावणाच्या आधी हे दोघंच दमणला गेले होते, तर नाक्यावर गाडीतल्या मॅटसुद्धा उचलून बघितल्या. तेव्हापासून फॅमिली ट्रिपचं चाललंय." ती कागदाचा कोपरा दुमडत राहिली. "हेत्वी रोज विचारते, किती दिवस राहिले. मी बोटं मोजून दाखवते. आता दोनच बोटं आहेत."

"मुलांना माझ्याकडे ठेव. तू एकटी जा, किंवा जाऊच नको."

"समुद्र हेत्वीला बघायचाय, काकू. मला एकटीला जाऊन काय करायचंय? आणि गेलेच नाही तर आमच्या घरी वर्षभर तेच. चांगला फिरवायला नेत होता, हिलाच सोसत नाही."

मी म्हणाले, पिशवी लहान केलीस तर ते दुसऱ्या कशात तरी घालतील. तिने मान हलवली. तेही तिला माहीत होतं. तरी ती जांभळी पिशवी घेऊन आली होती.

दार उघडंच होतं. हेमराज आत आला, अंगात घरातला बनियन, चेहऱ्यावर सुट्टीची दाढी, आणि हातात एक नवीकोरी निळी पिशवी. तिच्यावर पिवळं बदक.

"काकू, झाली का लिस्ट? हे बघा, काल चौटा बाजारातून आणली. तीन कप्पे आहेत. खालचा वेगळा उघडतो. हिचं म्हणणं एवढ्याशा डब्याच्या पिशवीत सगळं कोंबायचं. पोरांचं सामान लागतं की नाही, तुम्हीच सांगा."

"लागतं," मी म्हणाले. खोटं कसं बोलणार? आत्ताच मीच तिला वीस गोष्टी सांगितल्या होत्या.

"बघ. काकूसुद्धा म्हणतात." त्याने हेत्वीला टेबलाखालून ओढून काढलं आणि पिशवीत बसवल्यासारखं केलं. ती खदखदून हसली. तिला त्या पिशवीतून समुद्रच दिसत असावा. "तुम्ही पण चला काकू. साहेबांना घ्या. भूपेंद्रची आणि तुमची, दोन गाड्या, सगळी फॅमिली, मज्जा पडशे. तुमच्यासारखी वयस्क माणसं असली की कुणी विचारतसुद्धा नाही."

"काय विचारत नाही?" मी म्हणाले.

त्याने हेत्वीला खाली ठेवलं. मग हसला. "अरे, असंच हो."

समोरच्या दारात त्याची आई, पुष्पाबाई, येऊन उभ्या राहिल्या होत्या. कडेवर बाबू, झोपेतून उठून लाल झालेला. त्यांनी नूतनच्या तोंडाकडे पाहिलं आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, "मन्हा पोऱ्या फिराले लई जास, तरी हिनं तोंड वाकडं. आम्हले कोणी गावनी जत्रामां भी नेतं नव्हतं."

त्यांना खरंच कुणी जत्रेलासुद्धा नेलं नसेल.

हेमराजने जांभळी पिशवी नूतनच्या मांडीवरून उचलून खुंटीला अडकवावी तशी हेत्वीच्या गळ्यात घातली आणि निळी तिथे ठेवली. त्यात त्याला काही वावगं वाटलं नाही. तो वाईट माणूस नाही, हेच तर सगळं अवघड करून ठेवतं.

नूतनने निळ्या पिशवीचा खालचा कप्पा उघडला, आत हात घालून पाहिला, बंद केला. मग खोडलेल्या ओळींवर पुन्हा लिहायला लागली. थर्मास. टॉवेल. कपडे चार जोड. हेमराजला बरं वाटलेलं दिसलं. तो जायला वळला.

"अहो, थांबा जरा," ती म्हणाली. आवाज चढवला नव्हता. कागदावरून मानही वर केली नव्हती. ती मान तिने आता वर केली, आणि माझ्यादेखत, सासूच्यादेखत, त्याच्याकडे बघून सांगितलं.

"येते मी परवा. तीन दिवस राहू. पण येताना नाक्याच्या अलीकडेच मला आणि मुलांना वापी स्टेशनच्या रिक्षात बसवून द्या. आम्ही तिघं रेल्वेने येतो."