पाठवणाऱ्याचं नाव

तुम्हाला स्वतःचं नाव सांगायला किती वेळ लागतो? माझ्या ताईच्या सासऱ्यांना अकरा दिवस लागले, आणि त्या अकरा दिवसांत बावीस शेतांतली कपाशीची पऱ्हाटी उपटली गेली. बहिणीच्या सासरच्यांना हसू नये, असं आमच्या आईचं सांगणं आहे. ते मी ताईच्या लग्नातल्या मंगलाष्टकांपर्यंत पाळलं. तिथं हे सासरे, म्हणजे आमचे काकाजी, गुरुजींच्या कानाशी वाकून म्हणाले, "महाराज, मतलबाचं तेवढं म्हणा." तेव्हापासून माझा इलाज चालत नाही. अख्ख्या बुलडाणा जिल्ह्यात इतका हुशार, इतका सरळ आणि इतक्या ताठ मानेनं मूर्खपणा करणारा दुसरा माणूस मी पाहिलेला नाही.

काकाजींनी मलकापुरात छत्तीस वर्षं तारा पाठवल्या. पुढं तारच बंद झाली, पण त्यांची बोटं काही थांबली नाहीत. जेवताना ताटाच्या काठावर, एसटीत समोरच्या दांड्यावर, एकदा तर भेटायला आलेल्या व्याह्यांच्या गुडघ्यावर त्यांची कट्ट-कड चालू असते. बोलणंही तारेचंच. ताईला पाहून गेल्यावर आमच्या घरी आठ दिवस सगळ्यांचा जीव टांगणीला लागला होता, मग एक कार्ड आलं, त्यावर तीनच शब्द, "मुलगी पसंत. या." कधी, कुठं, किती जणांनी, काही नाही. आमच्याकडचे चौदा जण दुसऱ्याच दिवशी जाऊन धडकले, आणि ताईच्या सासूबाई अजूनही त्या दिवसाच्या भाकरी मोजून दाखवतात.

पण काकाजींचा खरा हट्ट नावाचा. स्वतःचं नाव ते सांगत नाहीत. घरावर पाटी नाही. दार वाजवलं की आतून ताई विचारते, "कोण?" बाहेरून उत्तर, "मी." "मी कोण?" "उघड." एकदा मलकापुरात जुन्या नोकरदारांचा सत्कार होता. माईकवरून काकाजींचं नाव तीनदा पुकारलं. हे जागचे हलले नाहीत. शेवटी शेजारच्या खुर्चीवरचे गृहस्थ उठले आणि शाल-नारळ घेऊन आले. मी चिडलो, तर काकाजी म्हणाले, "तार मारणाऱ्याचं नाव तारीत राहते काय बाबू? मौत झाली त्याची खबर त्याच्या घरची, पोरगं झालं त्याची खबर त्याच्या घरची. आपुन निरा मधातला वायर." मग हळूच, थोडं फुगून, "भुसावळच्या माणसानं मले कधी पाह्यलं नाई. पण पयल्या टकटकीत वळखे, आज मलकापूरवाला बसला म्हनून. हात वळखू येते. नाव कायले पाह्यजे?"

निवृत्तीनंतर हा मधला वायर कॉम्प्युटर क्लासला जाऊन बसला आणि दोन वर्षांत स्वतः प्रोग्रॅम लिहायला लागला. नेमकं त्याच सुमारास आमच्या गावच्या कपाशीत गुलाबी अळी शिरली. पाकिटावर तर छापलं होतं की या बियाण्याला बोंडअळी लागत नाही. अळीनं पाकीट वाचलेलं नव्हतं. कृषी कार्यालयानं तक्रारी फोटोसकट फक्त ईमेलवर मागवल्या, आणि अट घातली की समिती उभं पीक पाहील, मगच पंचनामा होईल. पीक उपटलं की तक्रार संपली. गावात ईमेल कुणाला जमत नव्हता, म्हणून एकतीस जणांचे अर्ज मी काकाजींकडे नेले. त्यांनी प्रोग्रॅम तयारच ठेवला होता: नाव, गट नंबर, वाण आणि फोटो भरायचे, एक बटण दाबायचं, एकतीस ईमेल रवाना. अर्जाचा मजकूर मी लिहिला होता. अडीच पानं, "नफेखोर बियाणेशाहीच्या रक्तपिपासू जबड्यात" इथून सुरुवात. काकाजींनी चष्मा वर करून विचारलं, "याच्यात बोंडं कुठी हायेत?" आणि सगळं खोडून लिहिलं, "बोंडं किडली. पीक उभं आहे. येऊन पाहा."

बटण दाबलं. एकही ईमेल गेला नाही. आदल्या महिन्यापर्यंत ज्या सर्व्हरमधून कुणाचंही पत्र मुकाट्यानं जात होतं, तो आता अडून बसला होता: आधी पाठवणाऱ्यानं लॉगिन करावं, स्वतःचं नाव आणि पासवर्ड द्यावा. प्रोग्रॅममध्ये पाच-सहा ओळी वाढवायच्या होत्या, बस. काकाजींनी खुर्ची मागं सारली. "छत्तीस वर्षं झाली, मले कोनी इचारलं नाई. आन् हे डबडं मले इचारून राह्यलं, तू कोन म्हनून?" मी समजावलं की हा अपमान नाही, खोटी पत्रं जाऊ नयेत म्हणून सोय आहे. "मंग तुह्यं टाक ना नाव." मी म्हणालो, मी चळवळीतला माणूस, माझं नाव आलं की अर्जांना राजकारणाचा रंग येईल. हे वाक्य मी फार गंभीरपणे म्हणालो होतो, हे कृपया लक्षात ठेवा.

अकरा दिवस असे गेले. मी रोज मलकापूरला फोन करून भाषण द्यायचो, काकाजी रोज "नाई" एवढंच म्हणून फोन ठेवायचे. इकडे जमिनीतली ओल उडत चालली होती. हरभरा पेरायचा तर पऱ्हाटी काढावीच लागते. रोज दोन-तीन शेतं रिकामी व्हायची. बाराव्या दिवशी आमच्या गल्लीतल्या कौसल्याबाई पिशवीत किडकी बोंडं घेऊन एसटीनं मलकापूरला निघाल्या, आणि मीही मुकाट मागं गेलो. त्यांनी काकाजींच्या टेबलावर पिशवी उपडी केली.

"भाऊ, मी अर्जावर आंगठा देल्ला. गावात साऱ्याईचा हरभरा निंगाला, माह्यी पऱ्हाटी तशीच उभी हाय. लोक मले येडी म्हनून राह्यले. मी माह्यं नाव सांगतलं, तुमाले काऊन लाज वाटते?"

"लाज नाई बाई…"

"मंग काय भेव वाटते?"

काकाजींची बोटं टेबलावर थांबली. ती थांबलेली मी पहिल्यांदाच पाहिली. एका बोंडातून अळी बाहेर आली, कीबोर्डकडे सरकू लागली. काकाजींनी तिला कागदावर घेऊन बाजूला ठेवलं आणि लिहायला बसले. पाच-सहा ओळी व्हायला दहा मिनिटं लागली. शेवटच्या दोन शब्दांना, म्हणजे स्वतःच्या नावाला आणि आडनावाला, आणखी दहा. बटण दाबलं. एकतीसही गेले.

दुसऱ्या दिवशी कार्यालयातून फोन आला: सगळी पत्रं तुमच्याच नावानं आली आहेत, तुमची जमीन कुठं आहे, तुमचा संबंध काय? काकाजी उभे राहिले. वडिलांच्या नावासकट पूर्ण नाव सांगितलं आणि म्हणाले, "पाठवनारा मीच. या." समिती आली. एकतीसपैकी नऊ शेतं उभी होती. नऊंचे पंचनामे झाले, कौसल्याबाईंचा पहिला. बावीस जणांच्या शेतांत हरभरा उगवला होता, तिथं साहेब गाडीतून उतरलेसुद्धा नाहीत. त्याच आठवड्यात काकाजी आमच्या गावी आले. बावीस घरांची दारं त्यांनी एकट्यानं वाजवली. "कोण?" विचारल्यावर "मी" म्हणाले नाहीत. नाव सांगितलं, आणि नंतर तारेसारखंच, "उशीर माझ्यामुळं झाला." काही जणांनी चहा दिला, काहींनी दारातूनच परत पाठवलं. आमच्या घरी जेवताना मी त्या दिवशी त्यांना पुष्कळ सुनावलं. ताटाच्या काठावर काही वाजलं नाही.

आता त्यांचा हात थरथरतो. गावच्या तक्रारी अजून त्यांच्याच प्रोग्रॅममधून जातात, पण सर्व्हर नवा पासवर्ड मागतो आणि जुना त्यांना आठवत नाही. परवा मला म्हणाले, "आता तुह्यं टाक." घरी येऊन मी आमच्या कपाटातली चळवळीची पत्रकं काढली, वडिलांच्या वेळेपासूनची आणि माझी. शेकड्यांनी आहेत. प्रत्येकाखाली सही, "एक जागृत नागरिक". म्हाताऱ्याला मी अकरा दिवसांसाठी हसतो. माझी तर सगळी वर्षं बिननावाची गेली. मलकापूरला परत गेलो आणि पाठवणाऱ्याच्या रकान्यात माझं नाव टाकलं. काकाजींनी माझ्या खांद्यावर बोटांनी काहीतरी वाजवलं. मला ती भाषा येत नाही, आणि विचारायचं राहून गेलं.

तुम्ही एवढं करा. हे वाचून झाल्यावर घरात, ऑफिसात, फोनमध्ये तुमची एखादी तक्रार "एक त्रस्त ग्रामस्थ" या सहीखाली पडून असेल, तर ती उघडा. सही खोडा. तिथं तुमचं पूर्ण नाव लिहा, गावासकट, आणि आजच पाठवा. कुणाचं तरी पीक अजून उभं असेल.