वीतभर उंचीचे दगड

आमच्या ओझेला टार्व्हरबाईंचे गुडघे कामातून गेले त्याला बावीस वर्षं झाली. खुर्चीतनं उठायचं तर आधी टेबलाला हात, मग देवाचं नाव, मग कंबर, अशा बेतानं त्या उठायच्या. आणि याच बाईंचं नाव गुडघे टेकण्यापायी अख्ख्या देशात गाजलं. याला काय म्हणायचं ते तुम्हीच म्हणा.

मी हॉइट, शाळेची पिवळी बस चालवतो. बाई काळ्या, मी गोरा. आमच्या हॅचर्स मिल गावात हे कुणाला सांगावं लागत नाही, पण पुढचं सगळं त्यावरच पेटलं, म्हणून सांगून ठेवतो. बाई पाचवीला शिकवायच्या. एकोणीस वर्षं दर ऑक्टोबरात एका शुक्रवारी त्यांचा वर्ग मी कापसाच्या रानामागच्या मसणवट्यात नेला. गुलामांचा मसणवटा. पाइनच्या झाडांखाली साठेक दगड, ओढ्यातनं उचलून आणलेले, वीतभर उंचीचे. लिहायला शिकलं तर चाबूक खावा लागायचा, अशा माणसांनी खिळ्यानं ओरखडलेली अक्षरं. कुठं उलटी, कुठं आडवी. उभ्यानं बघाल तर निस्ता दगड दिसेल. गुडघे टेकायचे, मान खाली घालायची, कागद लावून वरनं कोळसा घासायचा, मग कुठं अक्षर वर येतं. बाईंना वाकता येत नव्हतं. म्हणून पोरं.

लाल मुंग्या फोडून काढतात, म्हणून बाई कोंबड्यांच्या खाद्याची रिकामी पोती आणायच्या. पोतं अंथरायचं, त्यावर गुडघे. येताना बसमध्ये उकडलेल्या शेंगा. टरफलं आठवडाभर माझ्या सीटांखाली निघायची. एकोणीस वर्षांत बाईंच्या वहीत चौतीस नावं चढली. त्यांना हवं होतं ते एक मात्र नव्हतं. डायसी, डी-आय-सीनं सुरू होणारं. पणजीची आई. पाइनखाली पुरली, एवढंच त्यांच्या घरात ठाऊक. दगड कुठला, ते कुणालाच नाही.

त्या साली, म्हणजे दोन हजार एकवीसला, टेसा पिट्स नावाची तांबड्या केसांची पोरगी कडेच्या एका दगडापाशी थांबली.

"बाई, हितं डी हाय."

"नीट बघ गं. उलटा सी असंल."

"न्हाई बाई, डीच. पुढं एक उभी रेघ पण हाय."

बाईंनी झाडाला हात लावला. मी त्यांना एवढ्या वर्षांत कधी झाडाचा आधार घेताना पाहिलं नव्हतं. मग म्हणाल्या, "या रं सगळी. खाली बसा. गुडघे टेका, डोकं खाली घाला, आन् मला सांगा काय दिसतंय."

टेसाची आई ब्रँडी पोरांवर लक्ष ठेवायला म्हणून सोबत आली होती. लेकीचं कौतुक म्हणून तिनं मोबाइल काढला. तिच्या पोटात पाप नव्हतं, हे मी आजही सांगेन. पुढचं अक्षर निघायच्या आत अडीच वाजले आणि हॉर्न मीच दिला. पोरांना घरोघर सोडायचं होतं.

"ऱ्हाऊ दे," बाई बसमध्ये चढताना म्हणाल्या. "दीडशेच्या वर वर्सं थांबली म्हातारी, आनखी एक थांबंल. पुढच्या साली पयला हाच दगड."

ब्रँडीनं तो व्हिडिओ टाकला चार मिनिटांचा. त्यातले अकरा सेकंद कुणी कापले ते तिलाही कळलं नाही. त्या अकरांत पोती नाहीत. गवतामुळं दगडही नाही. नुसती गोरी लेकरं गुडघ्यांवर, आणि वर उभी काळी बाई सांगतेय, डोकं खाली घाला. त्या दिवसांत आमच्याकडं काळ्यांवरच्या जुलमाचा निषेध म्हणून लोक गुडघा टेकायचे, ते एका बाजूचं निशाणच झालं होतं. मग काय, तयार सरपणाला काडी.

एका चॅनेलवर आलं, गोऱ्या लेकरांना शाळेत माफी मागायला लावली. दुसऱ्यावर आलं, धाडसी बाईंनी लेकरांना माफी मागायला शिकवलं. एक शिव्या घालत होता, एक आरती ओवाळत होता. माफी मात्र दोघांनीही गृहीत धरलेली. बाई टीव्हीकडं बघत म्हणाल्या, "माफी कुणी मागितली? मी तर स्पेलिंग मागितलं."

दोन्ही चॅनेलवाले माझ्या बसपाशी आले. दोघांना मी एकच सांगितलं, "व्हय, पोरं गुडघ्यावर व्हती. दर वर्साला असत्यात. दगडच वीतभर, तर उभ्यानं काय वाचणार?" दोघांनी पहिली दोन वाक्यं ठेवली, तिसरं टाकलं. एकानं खाली ढोल वाजवला, दुसऱ्यानं पियानो.

माझी बायको डार्ला ढोलवाला चॅनेल बघते. ताटात पाव आपटत म्हणाली, "येवढी वर्सं मला बोलला न्हाईस."

"काय बोलायचं? दगड बुटका हाय म्हनून?"

"टीव्हीवर तू सोता बोललास, हॉइट."

"ते अर्धं हाय."

"मग उरलेलं अर्धं आता सुचलं व्हय?"

शाळा मंडळाची बैठक झाली तेव्हा मोटारी परगावच्या जास्त होत्या. बाईंना दोन मिनिटं दिली. त्यांनी टेसानं कोळसा घासलेला कागद वर धरला, त्यावर एक डी आणि एक रेघ. एका बाजूनं हुर्यो केली, दुसऱ्या बाजूनं टाळ्या. कागदावर काय आहे ते कुणीच विचारलं नाही. सहल कायमची बंद झाली. नाताळाच्या आत बाईंनी नोकरी सोडावी, असं त्यांना गोड शब्दांत सांगितलं. त्यांनी सोडली.

मार्चमध्ये त्यांचा फोन आला. "हॉइट, तुझं गुडघं धड हायत का?"

"हायत की."

"मग शनवारी चल माझ्यासंगं."

आम्ही गेलो. बाईंनी पोतं दिलं, मी अंथरलं, टेकलो. कागद लावून कोळसा घासला. डी आला. उभी रेघ आली. त्यापुढं एक वाक निघायला लागला, सीचा असावा तसा.

तेवढ्यात रस्त्यावर एक पिकअप हळू झाली. ड्यूई होता, आमच्याच चर्चमधला. काच खाली, मोबाइल वर. मला एकदम मी दिसलो, जसा त्याच्या काचेतनं दिसत असेन तसा, गुडघ्यांवर, आणि माझ्यामागं उभी बाई. संध्याकाळचा टीव्ही दिसला. डार्लाचं तोंड दिसलं.

मी उठलो. गुडघे झाडले. कागद मुठीत चुरगळला.

"काय आलं?" बाईंनी विचारलं.

"काय न्हाई, बाई. पुसलंय सगळं."

त्या माझ्याकडं बघत राहिल्या, मग रस्त्याकडं. पिकअप गेली होती.

"पोतं घडी कर," म्हणाल्या. पुन्हा त्यांचा फोन आला नाही.

त्या डिसेंबरात थंडी वाईट पडली. दगडात मुरलेलं पाणी गोठलं. जानेवारीत एका भल्या पहाटे, रस्त्यावर कुणी नसताना, मी एकटा गेलो. पोतं नेलं नव्हतं. दगडाचा वरचा पापुद्रा सुटून तुकडे होऊन गवतात पडला होता. गुडघे टेकून मी दगडावर बोटं फिरवली. डीसुद्धा नव्हता.