तीन रिकामे, एक भरलेला

आमच्या थंड पेयाच्या कंपनीत एखादा माणूस दोन वर्षं टिकला की त्याच्याकडे किस्से आपोआप साठतात. गोडाऊनमागच्या फुटक्या क्रेटसारखे. टाकूनही देववत नाहीत आणि पाहुण्यांना दाखवताही येत नाहीत. कंपनी परदेशातली, मी तिचा बीड जिल्ह्यातला सेल्समन आणि माझ्या गाडीवर गजू, ड्रायव्हर. शनिवारी मांजरसुंब्याच्या ढाब्यावर आमची टोळी जमली की हेच किस्से निघायचे आणि आम्ही पोट धरून हसायचो. हल्ली मी सांगत नाही. आज सांगतो, पण हसताना माझ्याकडे बघू नका.

* * *

त्याच ढाब्यावरची गोष्ट. कंपनी दुकानदाराला फ्रीज फुकट देते, पण त्यात कंपनीच्याच बाटल्या ठेवायच्या. याला आमच्यात 'प्युरिटी' म्हणतात! एकदा मुंबईचे साहेब अचानक तपासणीला आले. फ्रीज उघडला तर वर कोथिंबीर, मध्ये मळलेली कणीक आणि दारात ढाबेवाल्या अंकुशरावांच्या आईचं इन्सुलिन!

साहेब म्हणाले, "ये अपना प्रॉडक्ट नहीं है."

मी कोथिंबीर काढली, कणीक काढली, इन्सुलिनही काढलं. साहेबांनी फोटो घेतला. अंकुशराव एवढंच म्हणाले, "फोटू झाला आसंल तर मायचं औषध आत ठिवू का?"

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "माठाजवळ ठेवा, गार राहतं." स्वतःच्या आईचं औषध मी माठाजवळ ठेवलं नसतं.

* * *

परळीत एका किराणा दुकानाला मी फुकट बोर्ड लावून दिला. चकचकीत! बोर्डभर आमची बाटली आणि खाली कोपऱ्यात दुकानाचं नाव. नाव शेठच्या वडिलांचं होतं. शेठ रस्ता ओलांडून पलीकडे गेले आणि डोळे बारीक करून बघत राहिले.

"आमचे दादा कुठं गेले बे यात?"

महिन्याभरात थर्मल वीजकेंद्राची राख बोर्डावर बसली. बाटलीही दिसेना आणि नावही दिसेना. शेठ खूश! "चला, आता बरुबरी झाली!"

जुना, हातानं रंगवलेला बोर्ड मात्र आम्ही पहिल्याच दिवशी भंगारात घातला होता. त्यांनी नंतर दोनदा मागितला.

* * *

कड्याच्या बाजारात आम्ही आमच्या पेयाचे पेले फुकट वाटत होतो. ऊसतोडीवरून परत आलेली एक बाई पेला हातात घेऊन गजूला विचारते, "ह्याच्यात काय काय आसतंय?"

"साखर आन पाणी."

"साखरंचा ऊस आमी तोडतो. पाणी बी हितलंच. मंग तुमचं काय हाय ह्याच्यात?"

गजूनं पेल्यात डोकावलं. "बुडबुडे!"

"बुडबुडे तर आमचा शब्बीरचाचा बी सोड्यात घालतोय की!"

अख्खा बाजार हसला. मी हसलो नाही. शब्बीरचाचांचं काय करायचं, ते तोवर मी ठरवलं होतं.

* * *

शब्बीरचाचा कड्याचे, आमच्याच गल्लीतले. एका खोलीत सोड्याचं मशीन. गावात लग्न असो की बाजार, लिंबूसोडा त्यांचाच. बाटल्या जाड काचेच्या. रिकाम्या परत आल्या की धुवायच्या आणि पुन्हा भरायच्या. बाटल्या परतच आल्या नाहीत तर माणूस सोडा भरणार कशात?

म्हणून मी दुकानदारांसाठी स्कीम काढली. चाचांच्या बाटल्यांचे तीन रिकामे क्रेट द्या, आमचा एक भरलेला घ्या! गजू त्या बाटल्या गाडीत टाकायचा, पुढे त्या काचेच्या भंगारात जायच्या. दुकानदार चाचांना सांगायचे, "बाटल्या फुटल्या. आन गिऱ्हाईक बी मागंना झालंय." स्कीम अशी चालली की कंपनीनं मला बीडला बोलावून शाल आणि ट्रॉफी दिली.

चाचा बिचारे सोड्यातच खोट शोधत बसले. मला घरी बोलवायचे, ग्लास हातात द्यायचे. "तू मोठ्या कंपनीतला मानूस. पिऊन सांग, काय चुकतंय?"

सोडा नेहमीसारखा फक्कड होता. मी घोट घेतला, डोळे मिटले आणि म्हणालो, "मीठ जरा जास्त होतंय, चाचा."

पुढच्या आठवड्यात मीठ कमी करून त्यांनी परत बोलावलं. मी म्हणालो, "आता कमी पडतंय."

लाज वाटते सांगायला, पण तेव्हा मी हे ढाब्यावर चाचांची नक्कल करून सांगितलं होतं.

* * *

मागच्या उन्हाळ्यात माझ्या बहिणीचं लग्न झालं. ती जन्मली तेव्हा चाचा म्हणाले होते, "हिच्या लग्नाला सोडा माझा." मांडवात आमच्या कंपनीचे फ्रीज रांगेनं उभे होते. तरी चाचा सायकलला एक क्रेट बांधून आले. चोवीस बाटल्या, फडक्यानं लख्ख पुसलेल्या.

"माझ्याकडं येवढ्याच ऱ्हाईल्यात. रिकाम्या तेवढ्या परत दे बाबा."

वऱ्हाडानं दहा मिनिटांत फडशा पाडला. नवरदेवानं तर दुसरी मागितली!

पंगती उठल्या. चाचा मांडवाच्या दाराशी सायकल धरून थांबलेले. मी क्रेट शोधतोय, तेवढ्यात गजू कंपनीच्या गाडीतून ओरडला, "भाऊ, लग्नात बी काम सोडलं न्हाई! चाचाचे दोन क्रेट गाडीत हुतेच, हा तिसरा. स्कीम पुरी!"

त्याला चाचा दिसलेच नव्हते. पण चाचांनी सगळं ऐकलं. सायकल भिंतीला लावून ते गाडीजवळ आले आणि त्यांनी आत डोकावलं. तीन क्रेट एकावर एक रचलेले, सगळ्या बाटल्या त्यांच्या.

आता भर मांडवात तमाशा होणार असं वाटलं. व्हायलाच हवा होता.

चाचा बोटानं बाटल्या मोजू लागले. मग माझ्याकडे वळले आणि त्यांचा चेहरा एकदम खुलला.

"मंजी मीठ बरुबर व्हतं!"