बाटली आणली का?

आम्ही जुन्या नर्सा एकत्र जमलो की किस्से संपतच नाहीत बघा! पंचाहत्तर सालच्या आसपास मी उंब्रजकडच्या एका सरकारी दवाखान्यात सिस्टर होते. तेव्हा पातळ औषधासाठी बाटली पेशंटनं घरून आणायची. आमचा कंपाउंडर दादू याचाच फायदा घ्यायचा. कपाटात रिकाम्या बाटल्यांची रास, पण तोंडानं "बाटली न्हाई, घेऊन या!" कारण म्हाताऱ्या माणसाबरोबर आलेला नातेवाईक त्याला तोंडच उघडू देत नसे. नातेवाईक बाटलीला गेला, की म्हातारं माणूस माझ्याशी मोकळं बोलायचं.

*

एक सून सासऱ्यांना घेऊन आली. नुसता हाडांचा सापळा! मी विचारलं, "आजोबा, जेवण जातं का?"

"जातंय की! दोन-दोन भाकरी खात्यात," सूनच म्हणाली.

दादूनं तिला बाटलीला पिटाळलं. तसे आजोबा हळूच म्हणाले, "बाई, तुमच्या डब्यात काय हाय?"

माझा पिठलं-भाकरीचा डबा त्यांनी पुसून खाल्ला. मला रडूच आलं. सून परतल्यावर दादूनं तिला दम भरला, "लय जालीम औषध हाय. उपाशीपोटी दिलंस तर पोलीस येत्यात!"

महिन्याभरात आजोबांनी अंग धरलं. औषध कसलं, ओव्याचं पाणी!

*

मग नवे डॉक्टर आले, भलतेच भोळे. दादू एकाला बाटलीला धाडतोय तोच ते म्हणाले, "अहो, कपाटात ढीगभर आहेत की!"

"त्या फुटक्या हायत, साहेब."

"सगळ्या?"

"सगळ्या!" दादू म्हणाला.

*

हौसाआजीला तिचा लेक आणायचा. "पडली," म्हणायचा. दोन्ही दंडांवर बोटांचे वळ! असं कुणी पडतं का? माझं डोकंच फिरायचं. लेकाला बाटलीला धाडून विचारलं, तर आजी म्हणाली, "पडलेच मी. लेक गुणाचा हाय."

पुढच्या खेपेला लेक बाटली घेऊनच आला. दादूनं वास घेतला. "रॉकेल मारतंय. धुऊन आण!" तो गेला, तरी आजी नुसती दाराकडं बघत बसली. हिला असंच घरी पाठवायचं म्हणजे जिवाला घोर!

तिसऱ्यांदा लेकाकडं धुतलेली, बूच लावलेली बाटली. आता काय सांगायचं? दादू माझ्याकडं बघतोय, मी दादूकडं.

"दे इकडं," आजी लेकाला म्हणाली. त्यानं बाटली दिली. आजीनं ती नीट हातात धरली आणि फरशीवर सोडून दिली. खळ्ळकन!

"फुटली की रं," आजी म्हणाली. "जा, दुसरी आण."