खांडेनवमीचं तेल

न्हावा शेवाचं बंदर नुकतंच सुरू झालं होतं, त्या वर्षांत पनवेलच्या आमच्या घराला परदेशी पाइनचा वास असे. बंदरात उतरलेल्या यंत्रांच्या खोक्यांच्या फळ्या भंगारात येत. बाबा त्यांतून सरळ, दाट रेषांच्या तेवढ्या निवडून आणत. बाजाच्या पेट्या आणि व्हायोलिन दुरुस्त करणं हा त्यांचा व्यवसाय. आई गेल्यावर आम्ही दोघंच उरलो होतो, आणि बाबांचे कान हळूहळू मिटत चालले होते.

मुंबईच्या एका ऑर्केस्ट्रातला तरुण वादक जुन्या गिटारीच्या फोटोचं कात्रण घेऊन आला, तशीच नवी करून घ्यायला. व्हायोलिनसारखी फुगीर छाती, दोन्ही बाजूंना वळणदार फटी.

"चेहरा जुनाच हवा, काका. मान तेवढी बारीक करा, आमची बोटं आळशी आहेत."

बाबा हसले. तो गेल्यावर मला म्हणाले, "पुरता बहिरा होण्याआधी एक वाद्य मुळापासून माझ्या हातचं."

छातीची फळी कोरताना ते तिच्यावर बोटाच्या पेराने टिचकी मारत. "कान उसने दे गं. घुमतंय?"

"कडेला अजून बसकं आहे, बाबा."

मग तिथला एक पापुद्रा निघे, कांद्याच्या सालीएवढा पातळ. कधी ते फळीची कड दातांत हलकेच धरत, डोळे मिटत आणि हाडांनी ऐकत.

नवरात्रात सांगाडा जोडून झाला. पॉलिश तेवढं राहिलं होतं. खांडेनवमीच्या सकाळी बाबा झेंडू आणायला बाजारात गेले. दरवर्षीप्रमाणे मी पटाश्या, रंधे, करवती पुसून त्यांना खोबरेलाचं बोट लावलं. शेजारी ती गिटार, उघडी, कोरडी. तिला वगळणं मला अपुरं वाटलं. ओंजळभर तेल मी तिच्या छातीवर चोळलं. लाकूड ते पीत गेलं, रेषा मधासारख्या उजळल्या. मी अकरावीत होते. मला ते फार सुंदर दिसलं.

बाबा परतले, उंबऱ्याशीच थांबले. त्यांना वास आला होता. आत येऊन त्यांनी गिटारीवर टिचकी मारली. ओल्या पोत्यावर थाप पडावी, तसा आवाज मी ऐकला.

"सांग."

"घुमतंय," मी म्हणाले.

त्यांनी गिटारीच्या कडेला जबडा टेकवला आणि पुन्हा टिचकी मारली. मग तिच्यावर एक झेंडू ठेवला. "पूजा छान केलीस," इतकंच बोलले.

तेलावर पॉलिश कित्येक दिवस सुकेना. अखेर तारा चढल्या, वादक आला. थोडं वाजवून त्याने हात आवरला.

"काका, आवाज आतच अडकतोय."

मी चहाचा कप घेऊन दारात उभी होते. खरं सांगायला मी तोंड उघडलं, पण बाबा आधी बोलले.

"लाकूड निवडताना माझा कान चुकला."

त्यांच्या कानाची चूक त्यांच्या तोंडून मी कधीच ऐकली नव्हती. वादक गिटार न घेताच गेला. त्यानंतर बाबांनी माझे कान पुन्हा उसने मागितले नाहीत. पेटीच्या भात्याचं चामडं शिवणं, पट्ट्या बसवणं, डोळ्यांनी होणारं तेवढंच काम ते घेत राहिले.

गिटार आता माझ्याकडे आहे. ऑक्टोबरच्या उन्हात तिच्या फटींतून खवट खोबऱ्याचा वास येतो.